कोणता ट्रक अडवला जातो?

महामार्गाच्या कडेला उभ्या असलेल्या मोटार वाहन निरीक्षकाला समोरून जाणारी प्रत्येक मालगाडी थांबवता येत नाही. एक गाडी नीट बघायची म्हटली तर अर्धा तास सहज मोडतो, आणि तेवढ्या वेळात कितीतरी गाड्या निघून जातात. त्यामुळे निवड करावीच लागते. ती निवड गाडी दुरून येताना दिसते तेव्हाच, काही सेकंदांत आणि बहुतेक वेळा नुसत्या डोळ्यांनी होते. गाडी एका अंगाला कललेली आहे का, ताडपत्री फडफडते आहे का, पुढचा एखादा दिवा बंद आहे का, धूर काळा आहे का, नंबरप्लेट चिखलाने माखली आहे का, एवढ्यावरून हात वर होतो किंवा होत नाही.

ट्रकवाल्यांमध्ये याविषयी दोन मते ऐकू येतात. काही जण म्हणतात, गाडी चकाचक ठेवा, कुणी हात दाखवणार नाही. काही म्हणतात, काहीही करा, अडवणारा अडवतोच. दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे. पण गाडीचे दिसणे अडवले जाण्यापुरते मोठे ठरते, अडवल्यानंतर सुटण्यात त्याचा वाटा फार थोडा. आणि ट्रकमधला सर्वांत घातक दोष असा आहे की तो रस्त्याच्या कडेने कुणालाच दिसत नाही.

कायद्यानेही डोळ्याला जागा दिलेली आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधले कलम ११४ पाहा. मालगाडीत परवानगीपेक्षा जास्त भार आहे असे मानायला कारण असेल, तर अधिकृत अधिकारी ती गाडी वजनकाट्यावर न्यायला सांगू शकतो; काटा पुढच्या वाटेवर दहा किलोमीटरच्या आत किंवा मुक्कामापासून वीस किलोमीटरच्या आत हवा. म्हणजे काट्यावरचा आकडा नंतर येतो, त्याआधी ‘कारण’ दिसावे लागते. ते कारण गाडीच्या अंगावरच असते. भरलेल्या गाडीचे पाटे थोडे सरळ होणारच, पण जादा भाराखाली ते उलटे वाकू लागतात. जमिनीला टेकलेल्या टायरच्या बगला फुगतात. फाळक्याच्या वर माल डोकावतो, हौद्याच्या बाजू बाहेर झुकतात, आणि लहानशा चढावरही गाडीची चाल मंदावते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने भाराच्या मर्यादा वाढवल्या, दहा टायरी गाडीचे एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांपर्यंत नेले. तरीही जादा भरणे थांबले नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. पाच टन जास्त भरले की ३०,००० रुपये झाले. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. वजनाला गाडी थांबवायला नकार दिला तर ४०,००० रुपये.

भारानंतर नजर जाते ती टायरांवर, आणि इथे जरा रेंगाळायला हवे, कारण टायर वाचता येणाऱ्याला गाडीच्या गेल्या काही महिन्यांची हकीकत कळते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९४ प्रमाणे ट्रकच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल असता कामा नये. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की त्याचे आयुष्य संपले. पण जाणकार निरीक्षक खोलीबरोबर झीज कुठे आहे हेही बघतो. दोन्ही कडा झिजल्या असतील तर टायरमध्ये हवा कमी ठेवली जात होती. मधला पट्टा झिजला असेल तर हवा जास्त होती. एकच कड गेली असेल तर चाकांचे अलाइनमेंट बिघडले आहे किंवा पुढच्या चाकाच्या किंग पिनला खेळ आला आहे. जागोजागी वाटीसारखे चट्टे पडले असतील तर बेअरिंग किंवा शॉकअप ढिले आहेत. मागच्या जोडटायरांत एक जुना आणि एक नवा बसवला असेल, तर नव्याचा घेर मोठा असल्याने भार त्याच्याच अंगावर येतो, तो तापतो आणि फुटतो. दोन टायरांच्या मध्ये दगड अडकून राहिला असेल, तर सकाळी निघताना गाडीभोवती कुणी फिरले नव्हते एवढे निश्चित.

महाराष्ट्रात टायर तपासणीचा विषय समृद्धी महामार्गाने ऐरणीवर आणला. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. लांबलचक सरळ काँक्रीट, सतत एकच वेग आणि विदर्भ-मराठवाड्याचे ऊन यात कमी हवेचा, झिजलेला टायर किती तापत असेल याची कल्पना करता येते. कमी हवेच्या टायरच्या बगला प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतात, त्या वाकण्यातून उष्णता तयार होते, आणि वेग न थांबता टिकला की ती बाहेर पडायला उसंत मिळत नाही. अपघात वाढू लागले तेव्हा, २०२३ मध्ये, परिवहन विभागाने महामार्गावर चढण्याच्या ठिकाणीच टायर बघायला सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. दंडाची पावती फाडून धोका पुढे पाठवण्यापेक्षा धोक्याला दारातच थांबवणे केव्हाही बरे.

चाकाजवळ उभे राहिल्यावर आणखी काही खुणा दिसतात. नटाच्या बुडापासून बाहेर पसरणारे गंजाचे तांबडे ओघळ म्हणजे नट ढिला असण्याची शक्यता: चाक आणि नट एकमेकांवर घासतात, रंग जातो, पाणी शिरते, गंज वाहतो. रिमच्या आतल्या बाजूला तेलाचा चिकट पट्टा म्हणजे हबचे सील गळते आहे, आणि ते तेल लायनरवर गेले की त्या चाकाचा ब्रेक नावापुरता उरतो. पाट्यातले एखादे पान तुटले असेल तर गाडी त्या बाजूला झुकते. लोंबणारा एअर पाईप कुठे ना कुठे घासतच असतो. यातले काहीही बघायला यंत्र लागत नाही, वाकून पाहावे लागते इतकेच.

गाडी धुण्याकडे आपण फक्त देखणेपणाच्या दृष्टीने बघतो, ते मला पटत नाही. मागे लाल, पुढे पांढरी आणि बाजूंना पिवळी अशी परावर्तक पट्टी ट्रकला लावायची असते. रात्री ही पट्टी मागच्या गाडीच्या दिव्यांचा प्रकाश परत फेकते आणि अंधारात हौद्याचा आकार उमटतो. तिच्यावर धूळ-चिखलाचा थर बसला की प्रकाश परत येतच नाही. बंद पडून कडेला उभ्या राहिलेल्या ट्रकवर मागून मोटार आदळते तेव्हा पट्टी कागदोपत्री असते, दिसत मात्र नसते. म्हणून फडक्याने पट्टी आणि मागचे दिवे पुसणे ही सर्वांत स्वस्त सुरक्षा आहे. दुसरे असे की धुतलेल्या गाडीवरच गळती दिसते, चासीला गेलेली चीर दिसते, ढिल्या नटाचा ओघळ दिसतो. मळाखाली सगळे सारखेच काळे. जो रोज गाडी पुसतो त्याचा हात रोज त्या जागांवरून फिरतो, आणि निरीक्षकाच्या आधी दोष त्यालाच सापडतो. स्वच्छ गाड्या कमी अडवल्या जातात यामागे अधिकाऱ्याला पडणारी भूल नाही. अशा गाडीचे पाटे आणि टायर सहसा धडच निघतात, हा त्याचा अनुभव आहे.

केबिनचेही तसेच. दरवाजा उघडला की पायाशी रिकाम्या बाटल्या लोळताना दिसल्या, तर त्यातली एखादी घाटात ब्रेकच्या पॅडलखाली जाऊ शकते हे वेगळे सांगायला नको. पुढच्या काचेवर झालरी, माळा आणि काळ्या बाहुल्यांची इतकी गर्दी असते की चालकाला डावीकडची दुचाकी दिसत नाही. कागदांचे आता सोपे झाले आहे. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवरची कागदपत्रे ग्राह्य धरली जातात, आणि १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार जी कागदपत्रे संगणकावर पडताळता आली ती मूळ स्वरूपात मागायची नाहीत.

आता रंगाबद्दल. मालट्रकची रंगरंगोटी ही आपल्या रस्त्यांवरची लोककला आहे आणि मला ती मनापासून आवडते. फाळक्यावर आईचा आशीर्वाद, कुलदैवताचे नाव, मोर, कमळ आणि मालकाच्या गावाचे नाव लिहून घेणारा माणूस गाडीवर जीव लावणारा असतो. महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी एप्रिल २०१५ मध्ये मालगाड्यांमागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला मनाई केली. त्या शब्दांनी मागचा माणूस विनाकारण हॉर्न वाजवतो, असे कारण दिले. अक्षरांची रंगत थोडी गेली, पण कारण चुकीचे नव्हते. माझी हरकत आहे ती ‘पासिंगच्या रंगाला’. व्यापारी गाडीला योग्यता प्रमाणपत्र लागते. नवी गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी काढावे लागते. गाडी पासिंगला काढायची म्हटली की चासीला काळा रंग, हौद्याला नवा रंग, नवी परावर्तक पट्टी, आणि कधी कधी त्या दिवसापुरते दुसऱ्या गाडीचे चांगले टायर, हा प्रकार जुना आहे. गंजावर रंग फासला की गंज थांबत नाही, लपतो. अनुभवी निरीक्षक म्हणूनच अंगभर ताजा रंग आणि खाली तुटके पाटे असलेल्या गाडीकडे जास्त संशयाने पाहतात.

आणि रंग कितीही खरा असला तरी ब्रेक त्यातून दिसत नाहीत. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर टाक्यांत हवा भरतो. पॅडल दाबले की ती हवा प्रत्येक चाकापाशी असलेल्या चेंबरमध्ये जाते, आतला दांडा बाहेर ढकलते, दांडा ॲडजस्टरला फिरवतो आणि लायनर ड्रमवर आतून दाबले जातात. लायनर झिजत जातो तसा दांड्याला जास्त लांब जावे लागते. चेंबरला मात्र मर्यादा असते. त्या मर्यादेच्या जवळ दांड्याचा जोर झपाट्याने कमी होतो. सपाट रस्त्यावर, थंड ड्रमवर, हे कळतच नाही. पॅडल नेहमीसारखेच वाटते, गाडी थांबते. मग घाट लागतो. सतत ब्रेक लावून ड्रम तापतो, तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून आणखी दूर जातो. दांड्याला आता आणखी जास्त लांब जायला हवे आणि तेवढी जागा उरलेली नसते. लायनरही तापून गुळगुळीत होतो. चालक पूर्ण ताकदीने पॅडल दाबतो आणि गाडी घसरत राहते. मुंबई-पुण्याच्या खंडाळा घाटात किंवा पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर जे ‘ब्रेक फेल’ होतात, त्यांतल्या अनेकांचे बीज काही आठवडे आधी, न मोजलेल्या त्या दांड्यात असते.

नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका जड वाहनाने उतारावर सुमारे ४८ वाहनांना धडक दिली. सुरुवातीला ब्रेक निकामी झाल्याचे बोलले गेले. पुढे तपासात चालकाने उतारावर इंजिन बंद ठेवल्याचे समोर आले. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे किंवा इंजिनच बंद करणे ही सवय किती महागात पडते, हे ब्रेकची रचना कळली की लक्षात येते. गिअर नसला की इंजिनाचा आवर जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिन बंद असले की कॉम्प्रेसर थांबतो, आणि दर वेळी पॅडल दाबताना टाकीतली हवा खर्च होते, भरत मात्र नाही. अशा रात्री गाडीचा रंग, दिवे, टायर सगळे उत्तम असूनही काही उपयोग नसतो.

न दिसणारे बघायचे कसे, याचे सर्वांत शिस्तशीर उत्तर अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांनी मिळून उभे केले आहे. तिथल्या तपासणी अधिकाऱ्यांच्या आणि वाहतूक क्षेत्राच्या ‘कमर्शियल व्हेईकल सेफ्टी अलायन्स’ या संघटनेने तपासणीचे स्तर ठरवले आहेत. पहिल्या स्तराच्या तपासणीत ३७ पायऱ्या असतात, अधिकारी ट्रकच्या खाली जातो, चालकाला पॅडल दाबून धरायला सांगतो आणि प्रत्येक चेंबरच्या दांड्याची चाल मोजतो. तिथे सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका मापाच्या चेंबरला दोन इंचांची मर्यादा आहे. गाडीचे २० टक्के किंवा त्याहून अधिक ब्रेक सदोष निघाले की गाडी जागच्या जागी उभी करायची, दुरुस्त होईपर्यंत हलवायची नाही. म्हणजे दहा ब्रेकांच्या गाडीत दोन बिघडले की प्रवास संपला. संघटनेकडून १९८८ पासून दर वर्षी ७२ तासांची सलग तपासणी मोहीम होते, आणि त्यात साधारणपणे पाचातली एक गाडी अशी उभी केली जाते. इतक्या कडक व्यवस्थेतही हे प्रमाण एवढे आहे, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

तिथेही प्रत्येक गाडी तपासता येत नाही, म्हणून निवडीचे नियम आहेत. वाहतूक कंपनीच्या आधीच्या तपासण्यांवरून १ ते १०० असा एक अंक ठरतो. ७५ किंवा त्याहून जास्त असेल तर गाडी तपासा, ५० ते ७४ मध्ये असेल तर अधिकाऱ्याची मर्जी, ५० च्या खाली असेल तर जाऊ द्या. एखाद्या ट्रकमध्ये आज सापडलेला दोष त्या कंपनीच्या खात्यात दोन वर्षे राहतो, आणि ताजा असताना त्याचे वजन तिप्पट धरतात. म्हणून एका गाडीचा फुटका दिवा मालकाच्या बाकी सगळ्या गाड्यांच्या वाटेत अडवणूक वाढवतो. काही नाक्यांवर उष्णता टिपणारे कॅमेरे आहेत: ब्रेक लावत आलेल्या ट्रकचे एखादे चाक थंड दिसले तर तिथला ब्रेक कामच करत नाही, फार तापलेले दिसले तर तो अडकून बसला आहे किंवा बेअरिंग जळते आहे. आणि पहिल्या स्तराची तपासणी निर्दोष पार केलेल्या गाडीला एक चिकटपट्टी मिळते. ज्या महिन्यात ती लावली तो आणि पुढचे दोन महिने ती चालते. त्या काळात गाडीला सहसा पुन्हा थांबवत नाहीत, मात्र वरून एखादा दोष दिसला तर पट्टी असूनही थांबवतात.

आपल्याकडेही पाया घातला गेला आहे. २०२० च्या त्याच दुरुस्तीत असे म्हटले आहे की गाडी तपासली की तपासणीची तारीख, वेळ आणि अधिकाऱ्याची ओळख संगणकावर नोंदवायची, म्हणजे तीच गाडी पुढच्या नाक्यावर विनाकारण पुन्हा अडवली जाणार नाही. योग्यता तपासणी माणसाच्या नजरेऐवजी स्वयंचलित केंद्रांत यंत्रावर व्हावी यासाठी २०२१ मध्ये नियम आले. तिथे चाके रोलरवर फिरवून प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोर लावतो हे मोजता येते, आणि त्या आकड्याला ताज्या रंगाने फरक पडत नाही. ही केंद्रे जिल्ह्या-जिल्ह्यांत नेटाने चालायला हवीत. केवळ नजरेवर चालणाऱ्या तपासणीत चांगली गाडी ठेवणाऱ्या मालकाला त्याच्या खर्चाचे श्रेय मिळत नाही, आणि दडवणारा सुटतो.

राहतो प्रश्न जबाबदारीचा. अधिनियमाच्या कलम १९० मध्ये सदोष गाडी चालवण्याबद्दल शिक्षा आहे, आणि त्यातली कसोटी मला फार नेमकी वाटते: जो दोष माहीत होता, किंवा साधारण काळजी घेतली असती तर कळला असता. साधा दंड १,५०० रुपयांपर्यंत, आणि त्या दोषामुळे अपघातात कुणी जखमी झाले किंवा मालमत्तेचे नुकसान झाले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम गाडी चालवणाऱ्याला लागू आहे तसेच ती चालवू देणाऱ्यालाही आहे. रस्त्यावर मात्र हातात सापडतो तो चालक. टायर बदलायचा निर्णय त्याचा नसतो, लायनरचे पैसे त्याच्याकडे नसतात, आणि माल वेळेत पोचला नाही तर भाडे त्याचे कापले जाते. ‘शेठ, ब्रेक जरा लांब लागतोय’ असे त्याने फोनवर सांगितलेले असते, आणि ‘ही फेरी मारून ये, मग बघू’ असे उत्तर आलेले असते. या बोलण्याचा कुठे कागद नसतो. आपल्याकडचे बहुतेक मालक पाचपेक्षा कमी गाड्यांचे आहेत. कर्जाचा हप्ता, टोल आणि डिझेल भागवून उरलेल्यातून दुरुस्ती करायची असते, हेही खरे आहे.

अमेरिकेत दिवसअखेर चालकाला दोष आढळला तर तो लेखी कळवावा लागतो. ब्रेक, सुकाणू, दिवे, टायर, चाके, हॉर्न, वायपर, आरसे असे त्यात ठरलेले भाग असतात. मालकाने दुरुस्ती करून, किंवा दुरुस्तीची गरज नाही असे ठरवून, त्याच कागदावर सही करायची, आणि गाडी पुढे नेणाऱ्या चालकाने ती सही बघून आपली करायची. आपल्याकडच्या मोठ्या वाहतूक कंपन्यांत अशा तपासणीच्या याद्या भरून घेतात. दोन-तीन गाड्यांच्या मालकालाही त्यासाठी शाळेच्या वहीखेरीज काही लागत नाही: तारीख, गाडीचा क्रमांक, चालकाने सांगितलेला दोष, दुरुस्ती कधी झाली, आणि दोघांच्या सह्या. ती वही केबिनमध्ये राहिली, तर नाक्यावर चालकाच्या हातात परवाना आणि विम्याबरोबर आपण दोष वेळेवर सांगितला होता याचा पुरावाही असेल.